माझं तोंड मागे आहे

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी एक लांब सुस्कारा टाकतात. मी तो टाकणार नाही. मी ताडपत्रीची जुनी सॅक आहे. माझा रंग उडाला आहे, एका पट्ट्याला दोनदा टाके पडले आहेत, आणि यातल्या कशाचीही मला लाज वाटत नाही. कुणाला कीवच करायची असेल, तर त्याने दुसरी एखादी वस्तू शोधावी.

गोष्टीआधी एक साधी बाब लक्षात घ्या. सॅक पाठीवर असते. माणसाचं तोंड पुढे असतं आणि सॅकचं मागे. माझं झाकण, माझी दोन बक्कलं, माझा बाहेरचा खिसा, सगळं मागच्या बाजूला. त्यामुळे माणूस जिकडे चालला आहे तो रस्ता मला कधीच दिसत नाही. मला दिसतो तो चालून झालेला रस्ता. पुढे काय येतंय, ते मी फक्त ऐकते.

माझा जन्म ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात झाला. लांबलचक शेड, वर पत्रे, खाली ट्रकवर घालायच्या सुती ताडपत्र्यांचे ढीग. एक ताडपत्री मशीनखालून सरकवायला तीन बायका लागायच्या. दोघी ओढायच्या आणि एक शिवायची. त्या शिवणारीला सगळे वहिनी म्हणायचे. खरं तर ती एकाच बाईची वहिनी होती. पण ती बाई एवढ्या मोठ्या आवाजात हाक मारायची, की आधी गल्लीने आणि मग कारखान्याने तेच नाव उचललं. मीही तेच वापरते.

हाक मारणारी ती बाई म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. वहिनी तिला वन्सं म्हणते. वन्सं लांब पल्ल्याची बस चालवायची. या दोघींची एक गंमत आहे. वहिनी खुशीत असली की म्हणते, "अगं वन्सं." रागावली की म्हणते, "अहो वन्सं, तुम्ही." त्यामुळे भांडण पेटलं आहे, हे कळायला मला कुणाचा चेहरा बघावा लागत नाही.

एकदा एका मोठ्या ताडपत्रीचा तुकडा उरला. मुकादम म्हणाला, "फेकून द्या." वहिनी म्हणाली, "कशाला?" माझ्या कानावर पडलेला हा पहिला प्रश्न. जेवणाच्या सुट्टीत तिने मला बेतलं. सॅकचा सगळा भार खांद्याचे पट्टे जिथे जोडले जातात तिथे येतो. म्हणून तिथे तिने कापड चार पदरी केलं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने फुलीचे टाके घातले. मग मला ओल्या वाळूने ठासून भरलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ती घरी गेली. सकाळी खिळा वाकलेला होता. मी नाही.

पुढे मी बरीच वर्षं राबले. वहिनीचा डबा नेला, तिच्या लेकीची दप्तराची वर्षं काढली, वहिनीचा नवरा आजारी असताना दवाखान्यात कपडे आणि औषधं नेली, आणि तो गेल्यावर ते कपडे परतही आणले. सुट्टीत वहिनी डोंगरात फिरायला जायची, तेव्हा लोक विचारायचे, "छान आहे हो सॅक. कुठून घेतली?" वहिनी म्हणायची, "घेतली नाही. केली."

मग लेक मोठी झाली आणि तिने मला जपून ठेवलं.

मित्रांनो, जपून ठेवणं म्हणजे काय, ते माझ्याकडून ऐका. मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि माळ्यावर टाकलं. तिथे ऊन नाही, वारा नाही. सुती कापडात थोडी ओल नेहमीच राहते. तिला बाहेर जायला वाट नसली की बुरशी येते. मला आली. बाहेर असताना पावसाने, चिखलाने, दगडांनी माझं जे बिघडलं नाही, ते त्या सुरक्षित माळ्यावर बिघडायला लागलं.

त्याच सुमारास लेक वहिनीलाही जपायला लागली.

लेक फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून बघते आणि संध्याकाळी आईचे. वहिनीचा डावा गुडघा दुखायचा. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. एका दुपारी बाहेरच्या खोलीत बसून लेकीने विषय काढला. माळा त्या खोलीच्या वरच होता, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला.

"आई, आता घर बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये."

"मी काय दुकान चालवते, बंद करायला?"

"जिन्यात पडलीस तर?"

"आणि नाही पडली तर?" वन्संने विचारलं. ती नुकतीच निवृत्त झाली होती आणि रोज चहाला यायची.

"आत्या, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये कुठे? मी बाजूला बसलेय. आणि डॉक्टरीणबाई, आम्ही दोघी तर आता चालायला निघालोय. नदीकाठची वाट. आपल्या दारापासून थेट उगमापर्यंत."

लेक हसायलाच लागली. या वाटेवर माणसं उगमापाशी जातात, ती बसने. तिथून उतार धरून, नदीच्या संगतीने, चालत समुद्राकडे येतात. वहिनीचं गाव समुद्राजवळ, म्हणजे वाटेच्या शेवटी. तिथून निघायचं तर सगळा चढ.

"अगं आत्या, ती वाट उलटी चालणार तुम्ही? आणि या पावसात?"

"तीस वर्षं मी लोकांना नेऊन सोडलं," वन्सं म्हणाली. "आता मला कुणी नेऊन सोडायचं नाही. चालायला जायचं, तर घराच्या उंबऱ्यातून पाऊल टाकायचं. चालायला म्हणून बसमध्ये काय बसायचं?"

"आई, तू तरी शहाण्यासारखं बोल."

वहिनीने खिडकी उघडली, तसा पावसाचा आवाज आत आला. मग म्हणाली, "पाऊस घरावरही पडतोच आहे."

लेक चिडली. चिडणाऱ्याच्या आवाजात काळजी कशी ऐकू येते, ते मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "ठीक आहे. जा. पण एकदा जरी तू मला 'न्यायला ये' म्हणालीस, तर परत आल्यावर या घराला कुलूप. मग माझं ऐकायचं. चालेल?"

"चालेन," वहिनी म्हणाली.

तर मित्रांनो, डाव असा लागला होता. डावावर होती दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, खिडकीतलं शिवणयंत्र आणि स्वतःच्या दाराला आतून कडी लावण्याचा हक्क.

लेक मनाने वाईट नाही. दुसऱ्याच दिवशी तिने दोन नव्या सॅक आणून दिल्या, झगझगीत केशरी रंगाच्या. वन्संने एक घेतली. वहिनीने दुसरीच्या चेन उघडून पाहिल्या, बंद करून पाहिल्या, आणि म्हणाली, "माझी माळ्यावर आहे." लेक म्हणाली, "ती? ती आता फक्त आठवण म्हणून ठेवलीय." मी आठवण नाही. मी सॅक आहे. पण हे त्यांना ऐकू जाणार नव्हतं. वहिनीने मला खाली उतरवलं, ताठ ब्रशने बुरशी घासली, वाऱ्यावर वाळवलं, मेणबत्ती चोळली आणि वरून कोमट इस्त्री फिरवली. मेण वितळून धाग्याधाग्यात गेलं. कितीतरी वर्षांनी मला माझा स्वतःचा वास आला.

आम्ही उंबऱ्यातून निघालो. वन्सं पुढे, वहिनी मागे, आणि मागे तोंड करून मी. मला दिसलं, लेक दारात उभी होती. तिने हात हलवला नाही. ती आईच्या गुडघ्याकडे बघत होती.

पाऊस पहिल्यापासून होता. जोराचा नाही, पण चिकट. मला पावसाबद्दल थोडं सांगू द्या. कोरडी सुती ताडपत्री पावसात गेली की आधी थोडं पाणी आत घेते. लोक म्हणतात, बघा, गळते. त्यांना धीर नसतो. ते पाणी पिऊन माझे धागे फुगतात, फुगून एकमेकांना घट्ट बिलगतात, आणि त्यांच्यातली भोकं बुजतात. मग वरून कितीही ओता, पाणी घरंगळून जातं. मला आधी भिजावं लागतं, तेव्हा कुठे मी पाणी अडवते. केशरी सॅकचं वेगळं होतं. तिच्यात पाणी शिरत नव्हतं. पण तिची चेन एकदा अर्धी उघडी राहिली आणि पाणी शिरलं, ते बाहेर पडायला वाट नव्हती. वन्संने ती उलटी केली, तेव्हा तळातून भळभळ धार लागली.

"अगं वन्सं, मासे बघ आहेत का त्यात," वहिनी म्हणाली.

"आहेत. पण तुला नाही देणार."

माझ्यात एक वाईट खोड आहे, तीही सांगते. मी भिजले की जड होते. वहिनीच्या खांद्यांना ते कळत होतं, पण तिने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

वाटेत समोरून माणसं यायची. मला त्यांचे आधी आवाज ऐकू यायचे आणि मग पाठी दिसायच्या. प्रत्येक जण थांबून तेच सांगायचा. एक उंच गृहस्थ तर आडवाच आला.

"बाई, तुम्ही उलट्या चाललाय. या वाटेवर पिवळे बाण रंगवलेत. बाण तिकडे आहे, समुद्राकडे."

"असू दे की," वन्सं म्हणाली. "आमचं घरही तिकडेच आहे. तिथूनच आलो."

"पण चढ लागेल तुम्हाला."

"लागू दे. आम्हीही त्याला लागू."

रात्रीच्या मुक्कामाला आम्ही वाटेवरच्या घरांमधून खोल्या घ्यायचो. एक खोली बेकरीच्या वर होती. तिची एक भिंत भट्टीमुळे सदा गरम असायची. वहिनीने मला त्या भिंतीशी उलटं टेकवलं, मोजे माझ्या पट्ट्यांवर पसरले. बेकरीवाला पाव देताना म्हणाला, "माझ्याकडे माणसं उतरून दमलेली येतात. चढून दमलेल्या तुम्हीच पहिल्या." वहिनी म्हणाली, "मग पाव जरा मोठे द्या." त्याने दिले.

जोवर वाट नदीला धरून होती, तोवर कुणालाच बाणांची गरज पडली नाही. नदी डावीकडे ठेवायची आणि चालायचं. पण डोंगर सुरू झाल्यावर नदी एका घळीत शिरली, जिथे माणसाला पाऊल ठेवायला जागा नाही. तिथे एक जुना दगडी पूल होता. पूल ओलांडून वाट नदीला सोडते आणि मेंढ्यांच्या कुरणांवरून वर चढत थेट उगमाशी जाते. सकाळी आम्ही त्या पुलाच्या कठड्यावर बसलो. दोघींनी उकडलेली अंडी खाल्ली. वहिनीने लेकीला फोनवरून निरोप पाठवला: 'पुलावर आहोत. आज पोचू.'

मग धुकं उतरलं.

कुरणात दगडी बांध होते, आणि बांधांच्या कडेने मोठमोठे उभे दगड. वन्सं प्रत्येक दगड निरखत चालली होती. "कुठे आहेत ते पिवळे बाण? एकही दिसत नाही. पावसाने पुसले वाटतं."

पुसले नव्हते. मित्रांनो, मला दिसत होते! आम्ही दगड ओलांडून पुढे गेलो की त्याची दुसरी बाजू माझ्यासमोर यायची, आणि त्या बाजूवर ठसठशीत पिवळा बाण असायचा. बरोबरच होतं ते. बाण रंगवणाऱ्यांनी ते वरून खाली येणाऱ्या माणसांसाठी रंगवले होते, म्हणून त्यांना दिसतील अशा बाजूवर. आम्ही खालून वर चाललो होतो. दोघींना दिसत होते कोरे दगड, आणि मला दिसत होता बाणामागून बाण. मी ओरडणार कशी? माझ्याकडे दोन बक्कलं आहेत. ती मी जमेल तेवढी वाजवली.

"ते बक्कल घट्ट कर गं," वन्सं म्हणाली. "किती खुळखुळतंय." वहिनीने ते घट्ट केलं.

वर एके ठिकाणी जमीन सपाट झाली आणि पायाखाली दलदल लागली. दोघी ती टाळायला गवतातून वळसा घालत गेल्या. धुक्यात वळसा किती झाला ते कळलं नाही. पुन्हा पायवाट लागली, आणि समोर एक दगड आला. त्यावर, दोघींच्या डोळ्यांसमोर, पिवळा बाण.

"सापडला!" वन्सं ओरडली, आणि बाणाच्या दिशेने निघालीसुद्धा.

बाण समुद्राकडे जातात, आपण उलट जायचं, हे दोघींना पक्कं माहीत होतं. पण जिने तीस वर्षं बाण दिसला की चाक वळवलं, तिचे पाय विचारायला थांबले नाहीत. आणि वहिनी वन्संच्या पाठीकडे बघत चालते. पुढे प्रत्येक दगडावर बाण होता. वन्संला हुरूप आला. "बघ, आता कशी लागली वाट! दर दगडाला बाण!" मला दिसत होते कोरे दगड. त्यावरून मी ओळखलं, आम्ही परत फिरलो होतो. त्या दोघींसमोर आता तेच बांध, तीच झुडपं होती, जी चढताना मी पाहिली होती. पण त्यांनी ती या बाजूने कधी पाहिलीच नव्हती. त्यांना सगळं नवं वाटत होतं.

"उगम वर असतो ना गं?" वहिनीने मध्येच विचारलं. "मग आपण उतरतोय का?"

"डोंगरातला रस्ता उतरतो, चढतो. घाट बघितला नाहीस कधी?"

बरंच उतरल्यावर पाण्याचा आवाज आला. मग दगडी पूल आला.

"अरे, इथेही एक पूल आहे," वन्सं म्हणाली. "आणि हे बघ, कुणीतरी कठड्यावर अंडी खाऊन टरफलं टाकलीत. काय माणसं असतात!"

वहिनी टरफलांपाशी थांबली. मग म्हणाली, "आपण."

पाऊस थांबला होता.

"अहो वन्सं," वहिनी म्हणाली, आणि मी मनात म्हटलं, आता बघा. "तुम्ही एवढ्या गाड्या चालवल्या. सकाळी सोडलेल्या स्टँडवर दुपारी परत येणारी कोणती गाडी तुमची?"

"सगळ्याच. त्याला फेरी म्हणतात."

वहिनी हसली नाही. तिने मला खांद्यावरून काढून कठड्यावर ठेवलं आणि शेजारी बसली. तिचा गुडघा वाकत नव्हता. तिने सलवार वर केली, तेव्हा तो चांगलाच सुजलेला दिसला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, कुठे पोचलीस?"

"पुलावर."

"पुलावर तर तू सकाळी होतीस!" मग लेकीचा आवाज मऊ झाला. "आई, गुडघा सुजलाय ना? खरं सांग. मी येते. तू फक्त 'ये' म्हण."

वहिनीचा हात माझ्या पट्ट्यावर होता. ती मूठ आवळत गेली, तशी माझ्यातून पाण्याची धार तिच्या मनगटावर उतरली. तो शब्द एका अक्षराचा होता. मी वाट बघत होते.

"काही ऐकू येत नाही," वहिनी म्हणाली. "पाऊस फार आहे." आणि तिने फोन बंदच करून टाकला. आकाशातून एक थेंब पडत नव्हता.

वन्सं तिच्यासमोर उकिडवी बसली. "वहिनी, ऐक. मी करते फोन. सांगते, आत्याला चक्कर आली. 'ये' मी म्हणाले, तू नाही. मग तू हरलीस असं कसं होईल?"

"अगं वन्सं," वहिनी म्हणाली. तिच्या तोंडचा 'अहो' निघून गेला होता. "खोटं बोलून राखलेलं घर मला रोज संध्याकाळी खायला उठेल."

"मग काय करायचं? वर बाण नाहीत."

"आहेत," वहिनी सावकाश म्हणाली. ती गुडघ्यावर लवचिक पट्टा गुंडाळत होती, आणि अशा वेळी तिचं डोकं चांगलं चालतं. "चढताना एकही दिसला नाही. उतरताना दर दगडावर होता. म्हणजे पुसलेले नव्हते. दगडाच्या दुसऱ्या बाजूला होते. आपण सगळ्या बाणांकडे पाठ करून चाललो होतो." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या झाकणावर थाप मारली. "ही बिचारी सगळं बघत होती."

मी बिचारी नाही. पण तेवढं मी चालवून घेतलं.

"मग हिलाच विचार वाट," वन्सं म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. तिने केशरी सॅकच्या खिशातून केस विंचरायचा गोल आरसा काढला, खांद्याजवळ धरला, आणि त्यात मागचा डोंगर बघितला. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "वहिनी, आरशात मागे बघत पुढे जायचं. अगं, मी पगार कशाचा घेत होते इतकी वर्षं?"

असे आम्ही पुन्हा चढलो. एक दगड ओलांडला की वन्सं आरशात बघायची. त्याच्या मागच्या अंगावर बाण असला आणि तो आम्ही आलो त्या वाटेकडे रोखलेला असला, तर ती म्हणायची, "आहे!" नसला तर "रिव्हर्स!" म्हणायची, आणि दोघी मागच्या दगडापर्यंत जाऊन दुसरी वाट धरायच्या. एकदा वहिनीने आरसा मागून घेतला. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. तिने बाणाचं टोक कुठे आहे ते ओळखण्यात एवढा वेळ घालवला, की वन्संने आरसा काढून घेतला आणि म्हणाली, "तू आपली तिकिटं फाड."

पाऊस परत सुरू झाला. चढ उभा होता. वन्संने विचारलं, "सॅक देतेस?" वहिनी म्हणाली, "थर्मास घे. सॅक राहू दे." ती उजवा पाय आधी टाकायची आणि डावा ओढून त्याच्या शेजारी आणायची. प्रत्येक पावलाला मी तिच्या पाठीवर डावीकडे झुकायचे. मला जमेल तेवढी मी स्थिर राहिले. दलदल आली. या वेळी वन्संने आरशात वळण पकडलं. वाट दलदलीच्या कडेने उजवीकडे वळत होती, बांधाला लागून. पहिल्या खेपेला हीच वाट दोन हातांवर होती, आणि धुक्यात चुकली होती.

वळणापुढे काही अंतर गेल्यावर मला वन्संचे शब्द ऐकू आले. "वहिनी, कोण येतंय बघ."

आणि मग लेकीचा आवाज. "आत्या! डोंगरात केस कसले बघतेस?"

फोन लागेना म्हणून ती गाडी काढून थेट वर, उगमाच्या रस्त्यापर्यंत आली होती. तिथे गाडी ठेवून बाण बघत बघत खाली उतरली होती. तिला ते समोरून दिसत होते ना.

"दे इकडे ती सॅक," ती आईला म्हणाली. मला तिचे हात पट्ट्यांवर आलेले कळले. "बाप रे, केवढी जड झालीय ही! आई, गुडघा बघ तुझा. मला सूज इथून दिसतेय."

"दिसू दे. हात काढ."

"आई!"

"मी तुला फोन केला?"

"नाही."

"'ये' म्हणाले?"

"नाही. मीच आले. मी यायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?" तिने पट्टा सोडला नाही. "मी तुला जपायला बघते आणि तू—"

"हिलाही जपलं होतंस तू. माळ्यावर, गाठ मारून. बुरशी मी काढली." वहिनी ओरडली नाही. तिने माझे पट्टे खांद्यावर सारखे केले. "आली आहेस, तर मागून चल. वाट सोडू नकोस."

लेक बाजूला झाली. वन्सं पुढे निघाली, वहिनी तिच्यामागे, आणि लेक सगळ्यांच्या मागे, म्हणजे बरोबर माझ्यासमोर.

मित्रांनो, उगमापर्यंतच्या त्या चढावर वन्सं आरशात दगड बघत होती आणि वहिनी पायाखालची वाट. लेकीचा चेहरा फक्त मी पाहिला. आधी तिची नजर आईच्या डाव्या गुडघ्याला चिकटलेली होती. प्रत्येक पावलाला तिचे हात पुढे यायचे, पडली तर धरायला, आणि वहिनीचं पाऊल पडलं की मागे जायचे. तिच्या ओठांतून 'हळू' निघायचं आणि तिथेच थांबायचं. मग एका उभ्या दगडाशी वहिनी क्षणभर टेकली आणि लेकीने हात पुढे केलेच नाहीत. ती थांबली, इतकंच. त्यानंतर तिने एकदा बांधापलीकडच्या मेंढ्यांकडे पाहिलं. एकदा मान वर करून तोंडावर पाऊस घेतला. शेवटच्या चढावर ती धापा टाकत होती आणि वहिनीच्याच पावलांवर पाऊल ठेवत होती. आईकडे बघायचं ती विसरून गेली होती. नुसती चालत होती.

उगम तुम्हाला वाटतो तसा भव्य नाही. एका खडकाखालून तळहाताएवढं पाणी येतं आणि गवतात शिरतं. वन्सं म्हणाली, "एवढंच? मी तर पार्किंगची जागा शोधत होते." वहिनी खडकावर बसली आणि तिने डावा पाय पाण्यात सोडला.

"काय ठरलं होतं आपलं?" तिने विचारलं.

लेक तिच्याशेजारी बसली. "ठरलं होतं ते ठरलं. तुझं घर तुझं. पुन्हा काढणार नाही विषय." मग नाक पुसत म्हणाली, "पण फोन तरी उचलत जा ना गं. आणि घरी गेल्यावर गुडघा बघू देशील?"

"बघ की. गुडघा बघायला कोण नको म्हणालं?"

सध्या मी वहिनीच्या घरी दोरीवर टांगलेली आहे, झाकण उघडं, तळ वर. वारा आत-बाहेर करतोय. उद्या ती माझ्या पट्ट्याला तिसरे टाके घालेल. तुमच्याही घरी कुणीतरी असेल, वस्तू असेल नाहीतर माणूस, ज्याला तुम्ही फार जपून ठेवलं असेल. तुमचा हेतू चांगला आहे, मला माहीत आहे. तरी सांगते. उसवलं असेल तर शिवा, ओलं असेल तर वाळवा, दुखत असेल तर पट्टा बांधा. आणि मग दार उघडून बाजूला व्हा.